गावचा प्रश्न मंत्र्यांपर्यंत कसा न्यायचा: नव्या कार्यकर्त्यांसाठी पायरीपायरीने

आमदारांना निवेदन दिले, फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. आणि पुढे महिनोन्‌महिने काहीच हलले नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना हे माहीत आहे. लोक म्हणतात, आमदार लक्ष देत नाहीत. काही वेळा ते खरेही असते. पण बऱ्याचदा दिलेल्या निवेदनात मंत्र्यांना उत्तर द्यावे लागेल असे काही नसतेच. 'आरोग्य सुविधा सुधारावी' या वाक्यावर कोणताही मंत्री 'सुधारू' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

मंत्र्यांना बांधून घेणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी प्रत्येकाच्या हातात शासनाला जाब विचारण्याची साधने आहेत, त्यांनाच संसदीय आयुधे म्हणतात. ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, तालुक्यात काम करणारे तरुण आणि आमदारांच्या कार्यालयात नुकतेच लागलेले स्वीय सहायक यांच्यासाठी हा लेख आहे. समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, म्हणून सिझेरियन होत नाही, आणि अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते.

पहिली पायरी: खाते ओळखा

प्रश्न चुकीच्या खात्याकडे गेला की अधिवेशन वाया जाते. आरोग्याचेच बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय असेल तर खाते वैद्यकीय शिक्षणाचे, म्हणजे मंत्रीही वेगळे असू शकतात.

रस्त्यांचेही तसेच. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. एसटीची फेरी बंद झाली तर परिवहन, वाहिनी जळाली तर महावितरण म्हणजे ऊर्जा विभाग, आश्रमशाळेचा विषय आदिवासी विकास विभागाकडे. रेल्वे आणि टपाल हे केंद्राचे विषय, ते खासदारांकडे न्या. आमदारांनी ते विधानसभेत विचारले तरी राज्याचे मंत्री 'केंद्राकडे शिफारस करू' याच्या पुढे जाऊ शकत नाहीत.

प्रकरण न्यायालयात चालू असेल तर ते सभागृहात घेता येत नाही. हे आधीच तपासा, कारण कोणी याचिका केलेली आहे हे गावाला कित्येकदा माहीतच नसते.

दुसरी पायरी: खालचे दरवाजे आधी ठोठवा

मंत्र्यांकडे प्रश्न गेला की खालचे अधिकारी पहिले वाक्य लिहितात ते असे: 'याबाबत कार्यालयाकडे तक्रार प्राप्त नाही.' ही पळवाट आधीच बंद करा. वैद्यकीय अधीक्षकांना पत्र द्या, जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि दोन्हींची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत जोडा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज करता येतो. विषय दाखल्याचा किंवा प्रमाणपत्राचा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात त्याची मुदत आणि अपिलाची सोय दिलेली आहे. त्यासाठी आमदारांचा वेळ घेऊ नका.

तिसरी पायरी: कागद गोळा करा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. 'भूलतज्ज्ञ नाही' हे गावाला ठाऊक आहे, पण मंत्रालयाला ते कागदावर दिसले पाहिजे. माहिती अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मोजकेच मागा:

रुग्णालयातली मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, पदनिहाय. भूलतज्ज्ञाचे पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. गेल्या दोन वर्षांत दरमहा किती प्रसूती झाल्या, त्यात सिझेरियन किती, आणि किती मातांना दुसरीकडे पाठवले. पद भरण्यासाठी वरिष्ठांकडे केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.

यातला शेवटचा कागद सर्वांत मोलाचा. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी स्वतःच वर्षभर 'पद भरा' म्हणून पत्रे लिहिलेली असतात आणि वर कोणी दखल घेतलेली नसते. ती पत्रे हाती आली की अधिकारी तुमचे विरोधक राहत नाहीत. त्यांचीच मागणी तुम्ही पुढे नेत असता. म्हणून रुग्णालयात जाऊन आरडाओरडा करू नका. तिथल्या परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी त्याच तुटपुंज्या माणसांत रात्रपाळ्या काढत असतात.

एक काळजी घ्या. रुग्ण बाईचे नाव, तिचे केसपेपर, फोटो, यांतले काहीही तिच्या आणि घरच्यांच्या संमतीशिवाय निवेदनाला जोडू नका. सभागृहात एकदा नाव घेतले गेले की ते कामकाजात छापले जाते. आकडे आणि तारखा पुरेशा बोलक्या असतात.

चौथी पायरी: आमदारांना भेटताना

एका पानाचे टिपण न्या. वर विषय आणि खाते. मग पाच-सहा ओळींत वस्तुस्थिती, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या कागदातून घेतला ते. शेवटी नेमकी मागणी: पद कधी भरणार, आणि तोपर्यंत पर्यायी सोय काय? कागदांच्या प्रती मागे लावा. आमदारांच्या भेटीला रांग असते, तुम्हाला मिळतील ती चार-पाच मिनिटे. म्हणून तेच टिपण त्यांच्या स्वीय सहायकांकडेही ठेवा. अधिवेशनाच्या धामधुमीत प्रश्नांचे मसुदे तेच करत असतात.

एका भेटीत एकच विषय. रुग्णालयाच्या जोडीला समाजमंदिर, कोणाची बदली आणि हायमास्ट दिवा मागितला की दिवा मिळतो. स्थानिक विकास निधीतून तो देणे आमदारांना सोपे असते.

तुमचे आमदार स्वतः मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेतले सदस्य गाठा. परिषदेच्या ७८ पैकी ३० सदस्य विधानसभेतून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, प्रत्येकी ७ पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात, तर १२ राज्यपालनियुक्त असतात. पदवीधर आणि शिक्षक सदस्यांचा मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा असतो, त्यामुळे तुमचा तालुकाही त्यांचाच. हे लोकांना फारसे ठाऊक नसते. आमदार विरोधी पक्षाचे आहेत म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क दोन्ही बाकांना सारखाच आहे.

पाचवी पायरी: योग्य आयुध निवडा

आधी वेळापत्रक. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होते, हिवाळी नागपुरात, साधारण डिसेंबरमध्ये. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांच्या मागे लागणाऱ्यांची ही संधी तेव्हाच हुकलेली असते. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज निदान तीन-चार महिने आधी गेला पाहिजे.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नोत्तराच्या तासात थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. पण ज्यांची पाळी येत नाही त्यांचीही उत्तरे छापील यादीत येतात, त्यामुळे 'चर्चेला आलाच नाही' म्हणून कोणी हळहळू नये. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. नुसती आकडेवारी हवी असेल तर ते पुरते.

लक्षवेधी सूचना विधानसभेच्या नियम १०५ खाली येते. ती ताज्या, तातडीच्या आणि लोकांच्या जिव्हाळ्याच्या विषयासाठी. अधिवेशन चालू असतानाच ती देतात, तिच्यावर एकापेक्षा जास्त सदस्यांच्या सह्या असू शकतात आणि मंत्र्यांना निवेदन करावे लागते. रुग्णालयात सोय नसल्यामुळे वाटेत एखादी माता दगावली तर लक्षवेधी. पद दोन वर्षे रिकामे आहे एवढाच मुद्दा असेल तर तारांकित प्रश्न. हा फरक न करता सगळ्यालाच लक्षवेधी मागणारे कार्यकर्ते आमदारांचीही अडचण करतात, कारण दिवसाला मोजक्याच लक्षवेधी लागतात.

मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा आहे, विधानसभेत नियम ९४. आदल्या रात्रीच काही घडले तर सभागृहात औचित्याच्या मुद्द्याद्वारे ते मांडता येते, परिषदेत विशेष उल्लेखाची सोय आहे. मात्र यांवर मंत्र्यांचे उत्तर त्याच वेळी मिळेलच असे नाही. अर्थसंकल्पीय अधिवेशनात आरोग्य विभागाच्या खर्चाच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना देता येते, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असे सुचवून विषयाकडे लक्ष वेधता येते. पैशाअभावी अडलेल्या कामाला ती चांगली. याशिवाय नागरिकांच्या सह्यांचा विनंती अर्ज सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहाला सादर करता येतो आणि तो विनंती अर्ज समितीपुढे जातो. हा मार्ग फार कमी लोक वापरतात, तो जास्त वापरला जायला हवा.

सहावी पायरी: प्रश्नाचा मसुदा

विधानमंडळातल्या प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. आपला प्रश्न साधारण असा दिसेल:

'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यामुळे येथे सिझेरियन शस्त्रक्रिया होत नसून उक्त कालावधीत किती गरोदर मातांना अन्य रुग्णालयात संदर्भित करण्यात आले;
(३) असल्यास, सदर पद भरण्याबाबत व तोपर्यंत पर्यायी व्यवस्था करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

आता हे उत्तरासाठी कुठे जाते ते बघा. विधानमंडळ सचिवालयाकडून आरोग्य विभागाच्या संबंधित कार्यासनाकडे (मंत्रालयात तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे), तिथून आरोग्य सेवा आयुक्तालयाकडे, उपसंचालकांकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शेवटी तुमच्याच ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे. उत्तराचा पहिला मसुदा तिथे तयार होतो आणि त्याच वाटेने वर चढतो. मंत्री सभागृहात जे वाचतात त्याची सुरुवात तुमच्या तालुक्यातून झालेली असते. म्हणूनच प्रश्न स्वीकारला गेल्याचे कळताच काही वेळा अधिवेशनाच्या आधीच हालचाल होते आणि 'उत्तरात सांगायला काहीतरी' म्हणून डॉक्टरची तात्पुरती नेमणूक होते. ती पदरात पाडून घ्या, पण प्रश्न मागे घेऊ नका.

छापील उत्तरांत चार वाक्ये सारखी भेटतील: 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. मसुद्याचे सगळे कसब शेवटची दोन टाळण्यात आहे. समजा तुम्ही पहिल्याच भागात लिहिलेत की भूलतज्ज्ञ नाही, औषधे नाहीत, रुग्णवाहिका बंद आहे आणि त्यामुळे शेकडो मातांचे हाल होत आहेत. यातली रुग्णवाहिका चालू निघाली की उत्तर येते 'हे खरे नाही'. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. संपूर्ण प्रश्न एका सैल शब्दामुळे पडला. म्हणून पहिल्या भागात एकच विधान, तेही माहिती अधिकाराच्या कागदावरून तारखेसकट उचललेले. संताप आमदारांच्या भाषणात येऊ द्या, प्रश्नात नको. 'शेकडो' आणि 'प्रचंड' हे शब्द काढा. मंत्र्यांचे मत विचारू नका, कारण मत मागणारा किंवा आरोप करणारा प्रश्न स्वीकारलाच जात नाही.

सातवी पायरी: उपप्रश्नांची तयारी

उत्तर बहुधा असे येईल: 'होय, हे खरे आहे. रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' हे उत्तर कोणत्याही वर्षी, कोणत्याही तालुक्याला चालते. आमदारांच्या हातात दोन-तीन उपप्रश्न तयार हवेत: भरतीची जाहिरात कोणत्या तारखेला निघाली? निघाली नसेल तर केव्हा निघणार? तोपर्यंत मानधनावर बोलावून घेतला जाणारा भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस देणार, आणि कोणत्या तारखेपासून? मंत्र्यांच्या तोंडून तारीख बाहेर पडली की काम निम्मे झाले. उत्तर अगदीच अपुरे असेल तर सदस्य प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करू शकतात. अध्यक्षांनी तो राखून ठेवला तर मंत्र्यांना पूर्ण माहिती घेऊन पुन्हा यावे लागते.

उपप्रश्न तुम्ही लिहून द्या. आमदारांकडे एका दिवशी वेगवेगळ्या खात्यांचे विषय असतात. तुमच्या रुग्णालयाचा तपशील त्यांना पाठ असेल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

आठवी पायरी: दालनातली बैठक

पुष्कळदा मंत्री म्हणतात, 'सन्माननीय सदस्यांसोबत माझ्या दालनात बैठक लावतो.' कार्यकर्त्यांना ही टोलवाटोलवी वाटते, पण मला ही सर्वांत चांगली संधी वाटते. सभागृहात मंत्री एकटे उत्तर देतात. दालनात सचिव, आयुक्त आणि जिल्ह्याचे अधिकारी समोरासमोर बसतात आणि कोणाच्या टेबलावर फाइल थांबली आहे ते पाच मिनिटांत कळते. अधिवेशन संपण्याआधी बैठकीची तारीख आमदारांच्या पत्राने मागून घ्या. नंतर सगळे पांगतात.

बैठकीचे इतिवृत्त, म्हणजे काय ठरले याची लेखी नोंद, निघालेच पाहिजे. इतिवृत्त नाही तर बैठक झालीच नाही, असे समजा. त्यात प्रत्येक निर्णयासमोर अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत असावी. आठवडाभरात ते निघाले नाही तर आमदारांच्या पत्राने त्याची प्रत मागा.

अधिवेशन नसताना आमदार थेट मंत्र्यांना पत्र देतात, त्यावर मंत्री शेरा मारतात. शेरा नीट वाचा. 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' म्हणजे चेंडू पुन्हा अधिकाऱ्याकडे गेला. 'तपासून प्रस्ताव सादर करावा' म्हणजे फाइल मंत्र्यांकडे परत येणार आहे. दुसरा शेरा मिळवण्याचा प्रयत्न करा आणि पत्र कोणत्या कार्यासनाकडे, कोणत्या क्रमांकाने गेले ते लिहून घ्या. पुढे फोन त्या कार्यासनाच्या कक्ष अधिकाऱ्यांना करायचा, मंत्र्यांच्या कार्यालयाला नाही.

नववी पायरी: आश्वासनाचा पाठपुरावा

सभागृहात मंत्री 'करू' म्हणाले की ते आश्वासन ठरते आणि त्याची नोंद होते. ते पुरे झाले की नाही हे पाहायला दोन्ही सभागृहांची आश्वासन समिती असते. मुदत उलटली आणि भूलतज्ज्ञ आला नाही, तर आमदारांच्या पत्राने समितीकडे जा. सोबत त्या दिवसाच्या कामकाजाचा उतारा जोडा, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे आणि कामकाज पाहता येते. पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाका, या वेळी पहिला भाग असा: 'अमुक तारखेस सभागृहात दिलेल्या आश्वासनानुसार सदर पद भरण्यात आलेले नाही, हे खरे आहे काय?' याला 'हे खरे नाही' म्हणणे कोणालाही जमत नाही.

सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय वर्षानुवर्षे मांडत राहिले. मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी आधी नगरसेविका म्हणून भांडल्या, 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेल्या आणि १९७२ साली विधानसभेत पोहोचल्या. त्यांच्यामागे लोक होते, आणि ते लोक एका उत्तरावर घरी गेले नाहीत. आपल्या आमदारांमागेही तसे लोक उभे राहिले तर आमदारांनाही जोर येतो. म्हणून सभागृहातले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा, रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा, स्थानिक वार्ताहरांना छापील प्रत द्या. आमदारांनी प्रश्न लावून धरला असेल तर तेही लोकांना सांगा. पक्ष कोणताही असो.

भूलतज्ज्ञ रुजू झाला तरी माहिती अधिकारातली ती आकडेवारी सहा महिन्यांनी पुन्हा मागा. माणूस हजेरीपटावर असतो आणि प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करतो, असे घडते. सिझेरियनचे आकडे वाढले तरच सोय सुरू झाली.

आणि फाइल एकाच कार्यकर्त्याच्या घरी ठेवू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आमदारांच्या कार्यालयात. निवडणुकीत आमदार बदलले तर पहिल्याच महिन्यात नव्या आमदारांकडे ती पोहोचवा, वरच्या पानावर शेवटच्या इतिवृत्ताची तारीख, आश्वासन दिलेल्या मंत्र्यांचे पद आणि अपुरे राहिलेले मुद्दे लिहून.